बिनदाराची पेटी

नवं सरकार आलं की पेटीला नवा रंग लागतो, एवढंच मेस्त्रीला राजकारणातलं कळत होतं; पण जे कळत होतं ते पक्कं होतं.

आधी पेटी निळी होती. मग हिरवट झाली. आता पिवळी करायचा हुकूम निघाला होता आणि समोरचं जुनं वाक्य खरवडून नवं लिहायचं होतं: ‘भ्रष्टाचाराला थारा नाही. निर्भयपणे तक्रार करा.’ जुनं वाक्यही जवळपास हेच होतं, फक्त त्यात ‘निर्भयपणे’ नव्हतं.

“म्हणजे इतकी वर्षं भीत भीत करायची होती वाटतं,” रंगारी म्हणाला आणि दुकानात बसलेली मंडळी हसली.

मेस्त्रीचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आजूबाजूचे दोघे-चौघे येऊन फळ्यांच्या चळतीवर बसत, पायाखालचा भुसा सरकवत गप्पा मारत. खिळ्याला अडकवलेल्या रेडिओवर नवे मंत्री बोलत होते. भ्रष्टाचार मुळासकट उपटून टाकू, म्हणत होते.

“मागच्यांनीपण मुळासकटच म्हटलं होतं,” घड्याळवाले काका म्हणाले. बाजाराच्या तोंडाशी त्यांची घड्याळं दुरुस्त करायची टपरी होती. “इतक्यांनी इतक्या वेळा उपटलं, तरी झाड आपलं हिरवंगार! खत तरी कसलं घालतात कोण जाणे.”

“मेस्त्री, पेटीची गोष्ट सांग,” कुणीतरी म्हणालं.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती. तरी मेस्त्रीने रंधा बाजूला ठेवला. ती सांगताना त्याला जरा बरं वाटायचं. आपण फसलो नाही, आपण आतले आहोत, असं काहीसं.

झालं होतं ते असं. मागल्याच्याही मागल्या सरकारने प्रत्येक कचेरीत तक्रारपेटी बसवायचं ठरवलं, तेव्हा इथल्या कचेरीचं काम मेस्त्रीला मिळालं. त्याने सागाची चांगली फळी निवडली. वर कागद टाकायला फट ठेवली आणि विचारलं, “साहेब, दार कुठल्या बाजूने ठेवू? कुलूप लागेल ना?” तिथेच गाडं अडलं. कुलूप म्हटलं की किल्ली आली. किल्ली मोठ्या साहेबांकडे राहावी, तर तक्रार त्यांच्याचबद्दल असली तर? धाकट्या साहेबांकडे द्यावी, तर मोठ्यांना राग. बाहेरच्या कुणाकडे द्यावी, तर बाहेरचा माणूस कोण ते ठरवायला वेगळी समिती हवी. उद्घाटन तर उद्यावर आलेलं. शेवटी मोठे साहेब म्हणाले, “मेस्त्री, आत्ता दार नको. किल्लीचं ठरलं की दार करू.” मग मेस्त्रीने पेटी आतून भिंतीला स्क्रूने आवळली आणि पुढची फळी खिळे मारून कायमची बंद केली. हार घातला गेला, टाळ्या झाल्या. किल्लीचं अजून ठरलेलं नाही.

“म्हणजे टाकलेलं बाहेर काढायचं कसं?” नवखा कुणी असला की हे विचारायचाच.

“काढायचं कशाला?” मेस्त्री म्हणायचा. “आत सुखात आहे की.”

ही गोष्ट त्याने अर्ध्या बाजाराला सांगितली होती. फक्त ताईला सांगितली नव्हती. सांगायची टाळली असंही नाही. ती नोकरीच्या निमित्ताने आयुष्यभर दुसऱ्या गावात राहिलेली. यजमान गेल्यावर त्यांच्या इथल्या घरात राहायला आली, तोवर गोष्ट जुनी झाली होती. आणि ताईसमोर असले विनोद त्याच्या तोंडून निघतही नसत. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. पुढे ती रुग्णालयात नर्स झाली आणि नर्स म्हणूनच निवृत्त झाली. बाळंतिणीचे नातेवाईक खुशीने काही हातावर ठेवायला आले, तरी ती म्हणायची, “मला पगार मिळतो. बाळाला टोपी घ्या.”

अशा बाईची गाठ बघूसाहेबांशी पडली.

त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. कुठलंही काम घेऊन गेलं की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, “बघू.” त्या ‘बघू’चा अर्थ गावात लहान पोरालाही ठाऊक होता. ताईलाच नव्हता. घर यजमानांच्या नावावर होतं ते तिच्या नावावर व्हायचं होतं. तोवर वरची खोली भाड्याने देता येत नव्हती, आणि त्या भाड्यावरच तिच्या म्हातारपणाची मदार होती. कागद सगळे जागच्या जागी होते. ती दर आठवड्याला जायची, बाकावर ताठ बसायची, आणि ‘बघू’ ऐकून परत यायची.

“ताई, मी बोलतो त्यांच्याशी,” मेस्त्री एकदा म्हणाला.

“काय बोलणार?”

“असंच. ओळख आहे माझी.”

“तुझी ओळख मला नको,” ताई म्हणाली. “माझंच घर माझ्या नावावर व्हायला ओळख कशाला लागते? एक पैसा द्यायचा नाही, सांगून ठेवते. दिलास तर त्या खोलीच्या भाड्याला मी हात लावणार नाही.”

आणि पेटी पिवळी झाली त्याच आठवड्यात ती त्याच्या घरी आली ती तरतरीत चेहऱ्याने. चप्पल काढता काढताच भावजयीला म्हणाली, “टाकली गं बाई तक्रार! चांगली बसवलीय पेटी. नवे मंत्री बोलले म्हणजे काहीतरी करतील.”

मेस्त्रीच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताटाकडे पाहिलं.

“अहो, सांगा ना त्यांना,” ताई गेल्यावर बायको म्हणाली.

“काय सांगू? की तुझा भाऊ पेट्या करतो, पण दारं करत नाही?”

तो मूग गिळून बसला. एक आठवडा गेला, दोन गेले. ताई रोज विचारायची, तक्रारीचं उत्तर टपालाने येतं की माणूस येतो? एकदा तर ती जिन्यावरून खाली येताना दम लागून मध्येच बसली, आणि मेस्त्रीला ती एकाएकी म्हातारी दिसली. त्याच संध्याकाळी तो कचेरी सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभा राहिला.

“मेस्त्री!” बघूसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “अरे, त्या बाई तुझ्या ताई? आधी नाही का सांगायचं! मी म्हटलं, कोण या? दर आठवड्याला येतात, नुसत्या बसतात. मला तर भीतीच वाटायची त्यांची.”

“तिला कळता कामा नये,” मेस्त्री म्हणाला.

“छे छे. अशा माणसांसमोर बोलायची लाज आपल्यालाही आहे.” पाकीट त्यांच्या खिशात कधी गेलं ते मेस्त्रीलाही दिसलं नाही. “एवढं मनाला लावून घेऊ नको. सरकारं येतात, जातात. आपण इथलेच.”

घरी जाताना मेस्त्रीला सुटल्यासारखं वाटलं. दगडाखालचा हात निघाला. आपली माणसं सांभाळायची, बाकी जगाचं जग बघेल. त्याच्या बापाने हेच केलं होतं, गल्लीतला जो तो हेच करत होता.

घर ताईच्या नावावर झालं.

ती थेट दुकानात आली. भर दुपारी, सगळी मंडळी बसलेली असताना, कागद दोन्ही हातांनी समोर धरून. “हसा आता! कोण म्हणत होतं, काही होत नाही? पेटीत तक्रार टाकली आणि महिन्यात काम झालं. एक पैसा न देता!”

फळ्यांवरची मंडळी मेस्त्रीकडे बघायला लागली. रंगाऱ्याने तोंड उघडलं. मेस्त्रीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं.

“आणि त्या बघूसाहेबांना मी तोंडावर सांगून आले,” ताई म्हणाली. “म्हटलं, शेवटी सुधारलात म्हणायचं! तर हसले बिचारे. हात जोडले मला.”

घड्याळवाल्या काकांनी कागदावरचा शिक्का नीट बघून घेतला. मग त्यांनी विचारलं, “मेस्त्री, पेटीला दार केलं की काय?”

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण ताई समोर उभी होती, आणि कितीतरी वर्षांनी तिचा चेहरा असा उजळला होता. मेस्त्री म्हणाला, “रंगवायच्या वेळी काहीतरी केलं असेल त्यांनी. मी नव्हतो तेव्हा.”

पुढे त्याने स्वतःला पुष्कळ समजावलं, की हे काही खोटं नव्हतं, नुसतं ‘असेल’ म्हटलं होतं.

ताईचं बोलणं गावात खरं धरलं जाई. नेत्याने सांगितलं असतं तर लोक हसले असते, पण रात्र रात्र दुसऱ्याच्या उशाशी जागून काढलेल्या बाईवर कोण अविश्वास दाखवणार? हळूहळू कचेरीतल्या रांगेतली माणसं पेटीकडे वळायला लागली. पेटी इतकी भरली की कागदांची टोकं फटीतून बाहेर दिसायची, आणि शिपाई येता-जाता ती फूटपट्टीने आत ढकलायचा.

घड्याळवाल्या काकांनीही आपला कागद टाकला. टपरीचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागे, आणि दर वर्षी ते मुकाट्याने पाकीट देत. या वर्षी दिलं नाही. “ताई म्हणतात तर एकदा सरळ रस्त्याने जाऊन बघू,” म्हणाले. मेस्त्री करवतीला धार लावत होता. त्याला वाटलं, आता म्हणावं, काका, देऊन टाका. दोनदा मान वर केली. काका भिंगातून एका घड्याळाच्या पोटात बघत होते. त्याने मान पुन्हा खाली घातली.

परवान्याची मुदत संपली तसा एके सकाळी ट्रक आला आणि टपरी उचलून घेऊन गेला.

त्या दुपारी काका दुकानात येऊन फळ्यांवर बसले. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात चिमटे, स्क्रू, लोकांची उघडी घड्याळं, हाताला लागलं तेवढं. ताईही आली होती. तिने त्यांना पाणी दिलं.

“उत्तर येईल, काका. वेळ लागतो कधी कधी,” ती म्हणाली. “माझं आलं ना?”

“येईल,” काका म्हणाले. “मला घाई नाही. आता कुठे जायचंय?”

मेस्त्रीच्या हातातला रंधा चालत होता, पण फळीवरून साल निघत नव्हतं. पातं आत गेलं होतं ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. रंधा खाली ठेवून त्याने खालच्या मानेने सगळं सांगितलं. पेटीला दार नाही. आजही नाही. ताईचा कागद अजून आतच आहे. काम झालं ते त्याने फाटकाशी उभं राहून करवून घेतलं.

पहिल्यांदा काका हसले. कोरडं, खोकल्यासारखं. “म्हणजे इतकी वर्षं मी बरोबरच करत होतो. जन्मात एकदा विश्वास ठेवला, तोसुद्धा सरकारवर नाही, तुमच्या ताईंवर.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आणि तू तर दार नसल्याची गोष्ट स्वतः मला सांगितली होतीस रे. मीच येडा.”

मेस्त्रीला वाटलं, आता ताई ओरडेल. लहानपणी ओरडायची तशी. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी त्याला म्हटलं होतं, शेवटी सुधारलात,” ती हळूच म्हणाली. “त्याने हात जोडले होते मला.”

“ताई, मी तुझ्यासाठी—”

“माझंच घर तू त्याच्याकडून माझ्यासाठी विकत घेतलंस.” ती उठली. “वर गावभर मला दवंडी पिटायला लावलीस.”

दाराशी जाऊन ती थांबली. पाठमोरीच म्हणाली, “पेटीला दार कर.”

“मी? ते सरकारी काम आहे. हुकूम लागतो.”

“मी सांगते आहे.”

“दार केलं म्हणून कोण वाचणार आहे, ताई?”

“ते मला नाही माहीत,” ताई म्हणाली. “पण आत काय पडलंय ते दिसेल तरी.”

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्यावर मेस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन गेला. ताई बरोबर होती. काकाही आले, डबा घेऊनच. आता तो कुठे ठेवायचा हा प्रश्न होता. मेस्त्रीने पेटीसमोर गुडघे टेकले, गुण्या लावून पेन्सिलीने चौकोन आखला, कोपऱ्यात गिरमिटाने भोक पाडलं आणि टोकदार करवत आत घातली. सागाचा वास सुटला. इतके रंग चढले तरी लाकूड आतून तसंच होतं.

बघूसाहेब आवाज ऐकून आले. “मेस्त्री? अरे, कुणाच्या हुकमाने?”

“तक्रार आहे, साहेब. पेटीला दार नाही अशी.”

“मग ती रीतसर पेटीत टाकायची!”

“जागा नव्हती,” मेस्त्री म्हणाला.

रांगेत हशा पिकला. बघूसाहेबांनी रांगेकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं. ताई त्यांच्याकडे बघत होती. ताप उतरला की नाही ते बघावं तशी. “बघू,” ते पुटपुटले आणि आत निघून गेले.

“चला, दार आलं,” रांगेतला एक म्हातारा म्हणाला. “पुढच्या सरकारात कुलूप येईल.”

“आणि किल्ली?”

“ती नातवंडांना.”

फळीचा तुकडा निघाला तसे कागद घरंगळत बाहेर आले. नवे, जुने, पिवळे पडलेले, बसची तिकिटं, कुणाच्या तरी दुकानाची जाहिरात, गोळ्यांचे कागद. रांगेतलं कुणी पुढे आलं नाही. माणसं आपापल्या जागेवरूनच बघत राहिली, जागा जाईल म्हणून. पिवळ्या कागदांमध्ये पाण्याच्या नळाबद्दल एक तक्रार होती. ती करणारा जाऊन वर्षं झाली होती; नळही आता त्या गल्लीत नव्हता.

ताईचा कागद ओळखायला वेळ लागला नाही. जखमेवर ठेवायची कापडी पट्टी दुमडावी तशी तिने त्याची घडी घातली होती, कडा आत, एकही धागा बाहेर येणार नाही अशी. तिने तो उलगडला. काकांकडून पेन्सिल घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, की माझं काम लाच देऊन झालं, ती माझ्या सख्ख्या भावाने दिली, अमक्याने घेतली. खाली सही केली. मग कागद मेस्त्रीपुढे धरला.

“कर,” ती म्हणाली.

“देणाऱ्यालाही शिक्षा असते, ताई.”

“ठाऊक आहे.”

मेस्त्रीने सही केली. फार दमला होता तो. ताईने कागद पुन्हा तसाच दुमडला आणि पेटीत टाकला, वर सांडलेले बाकीचे कागद भरले. दाराला बिजागऱ्या लावून झाल्या. कडी-कोयंडा मात्र त्याने लावला नाही. कुणी लावायलाही सांगितलं नाही.

निघताना शिपायाने सवयीने विचारलं, “मेस्त्री, बिल कुणाच्या नावावर?”

त्यानंतर काही झालं नाही. म्हणजे सरकारने काही केलं नाही, आणि मेस्त्रीला पकडायलाही कुणी आलं नाही. बघूसाहेब बघतच राहिले. काकांनी दुकानातल्या खिडकीशी एक टेबल मांडलं. मेस्त्रीने ते त्यांना त्यांच्या उंचीचं करून दिलं. काका तिथे बसून घड्याळं उघडत. पण आता पेटीची गोष्ट सांग म्हणून कुणी म्हणत नसे. ताईने वरच्या खोलीला कुलूप घातलं. उत्तर येईपर्यंत भाडेकरू ठेवायचा नाही, म्हणाली. भावाशी ती बोलायची, पण कामापुरतं.

मेस्त्री मधूनमधून बिजागऱ्यांना तेल घालायच्या निमित्ताने कचेरीत जायचा. दार उघडून आत बघायचा. ती घडी तिथेच असायची, तळाशी, कोपऱ्यात. कुणी वाचावी असं त्याला वाटायचं आणि वाचू नये असंही वाटायचं, आणि दोन्हींतलं कुठलं खरं हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. इतकी वर्षं ज्या पेटीवर हसला, तिच्याकडून तो आता काहीतरी मागत होता.

एके दिवशी त्याने दार उघडलं, तर ती घडी नव्हती. बाकी कागद होते तसेच होते.

त्याने शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, मला नाही माहीत. बघूसाहेबांच्या खोलीचं दार बंद होतं. झाडूवाली म्हणाली, मी तर पेटीला हातच लावत नाही बाबा.

तो ताईकडे गेला. ती ओट्यापाशी उभी होती.

“ताई, कागद नाहीये आत.”

“कुणी घेतला?”

“माहीत नाही.”

वाचायला नेला असेल, की फाडायला, हे तिने विचारलं नाही. त्यानेही काही तर्क केला नाही.

“बस,” ताई म्हणाली. कितीतरी दिवसांनी म्हणाली. “चहा ठेवते.”

चहा होईपर्यंत दोघं जिन्याकडे, वरच्या खोलीच्या कुलपाकडे बघत बसली. कुलपाची किल्ली तिथेच बाजूला खिळ्याला लटकत होती, सगळ्यांना दिसेल अशी.